पार्किंगची फरशी: इपॉक्सी की टाइल?

इपॉक्सीचा तुळतुळीत रंग फोटोत झकास दिसतो. पण कोल्हापुरात पंचगंगेकडच्या सखल भागात पावसाळ्यात जमिनीतली ओल वर चढते, रंगाला फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. तरी करायचंच असेल, तर आधी कोब्यावर दीड फुटी प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा. १६ तासांनी खाली दव दिसलं, की इपॉक्सीचा नाद सोडा.

त्यापेक्षा खडबडीत पार्किंग टाइल बरी. १० बाय १८ फुटांना १६ इंची टाइल साधारण १०५ लागतात. कटिंग आणि तुटफूट धरून ११५ आणा. सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर एकच हवा, नाहीतर रंगात फरक दिसतो.

खरी मेख बेडमध्ये, म्हणजे टाइलखालच्या मालाच्या थरात आहे. टाइल फुटते ती गाडीच्या वजनाने नव्हे, खालच्या पोकळीमुळे. गवंडी चार कोपऱ्यांत मालाचे गोळे ठेवून टाइल दाबायला लागला, तर तिथंच थांबवा. १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) माल सलग पसरायचा, वर सिमेंटची रबडी, मग रबरी हातोडी. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइल ठोकून बघा; बद्द वाजली की उचलून परत बसवा.

ढाळ गेटकडे, १० फुटांना सव्वा इंच. सांधे ३ मिलिमीटर. आठवडाभर पाणी मारा, तोवर गाडी रस्त्यावरच राहू दे. शेजारी कुरकुरतील, चालायचंच.