अत्याधुनिक पिठाची गिरणी

नवी पेठेत आमचं डीटीपीचं दुकान आहे. दहा बाय बाराची जागा, दोन संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या. मी इथे मुद्रितं तपासते आणि इंग्रजीतून आलेला मजकूर मराठीत आणते. आसपास अभ्यासिका इतक्या की आठवड्याला एक तरी 'अत्याधुनिक अभ्यासिका' आमच्याकडून छापून जाते. अत्याधुनिक म्हणजे काय, तर एसी, वायफाय आणि मोबाइल चार्ज करायला प्रत्येक टेबलाशी सॉकेट.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. मंडळांचे अहवाल, जाहिराती, पावतीपुस्तकं, सगळ्यांना सगळं कालच हवं होतं. त्यात एका मोठ्या रुग्णालयाची १६ पानांची माहितीपुस्तिका येऊन पडली. इंग्रजी मजकुराबरोबर कुणीतरी संगणकाकडून करून घेतलेलं मराठीही होतं, 'नुसतं बघून घ्या' म्हणून. हे तीन शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. पहिल्याच पानावर 'धारदार शस्त्रक्रियागृह' होतं. आमचा ऑपरेटर पोरगा एवढा हसला की चहा कीबोर्डवर जायचा राहिला. 'कटिंग एज'मधली धार मराठीत उतरली होती, आणि तीही नेमकी ऑपरेशन थिएटरात. 'स्टेट ऑफ द आर्ट'चं 'कलेची स्थिती' झालेलं. त्या आर्टचा अर्थ कसब असा आहे, हे त्या बिचाऱ्या यंत्राला कोण सांगणार.

मी सगळं मुळापासून लिहायला घेतलं. इंग्रजीत नवेपणाच्या तऱ्हा चिकार, लेटेस्टपासून नेक्स्ट जनरेशनपर्यंत. माझ्या हाताशी मात्र दरवेळी एकच शब्द येत होता. चौथ्या पानापर्यंत 'अत्याधुनिक' ११ वेळा लिहून झालं तेव्हा मला माझीच लाज वाटली.

मग पर्याय लावून बघितले. 'अद्ययावत' बरा, पण तो शब्दशः 'आजपर्यंतचा'. मतदारयादी अद्ययावत असते, नोंदवही असते. पुस्तिका दोन वर्षं वाटली जाणार; त्यातलं यंत्र कुठल्या आजपर्यंतचं? 'नूतन' लिहिलं की वास्तुशांतीची पत्रिका आठवते, नाहीतर सोसायटीची नूतन कार्यकारिणी. 'अभिनव' कल्पनेला शोभतो, उपक्रमाला शोभतो. एमआरआय यंत्र अभिनव म्हटलं तर डॉक्टर आपल्यावर प्रयोग करून बघतायत की काय, असं पेशंटला वाटायचं. साधा 'नवा' सगळ्यांत सरळ, पण तो शेजारच्या नामाला विचारून चालतो: नवा कक्ष, नवी खाट, नवं यंत्र, नव्या यंत्रावर. बाकीचे कुणाला काही विचारत नाहीत, न बदलता कुठेही जाऊन बसतात. जाहिरातवाल्यांचं त्यांच्यावर एवढं प्रेम का, ते तेव्हा लक्षात आलं.

आणि पुण्यात नव्याचं काही खरंही नाही. १८८० सालची शाळा अजून न्यू इंग्लिश स्कूल आहे, १८८३ सालचं नूतन मराठी विद्यालय अजून नूतन आहे, १९२३ सालच्या पुलाला लोक अजून नवा पूल म्हणतात. आमची पेठसुद्धा नवीच.

दुपारी नऊ नंबरच्या पानाचं प्रूफ टेबलावर पसरून बसले होते, तेवढ्यात एक काका आले. साठीच्या पुढचे, शर्टाच्या बाहीवर पांढरी धूळ. गिरणीचं नूतनीकरण केलं होतं, पाटी हवी होती. खिशातून चिठ्ठी काढली: 'अत्याधुनिक पिठाची गिरणी'.

"काका, अत्याधुनिक काय आहे, पीठ की गिरणी?"

"अहो ताई, पीठ कसलं अत्याधुनिक! लोकवनच आहे."

पोरगा परत हसला. मी चिठ्ठीवर बाण काढून शब्द पुढे सरकवला: 'पिठाची अत्याधुनिक गिरणी'. विशेषण ज्याचं त्याला चिकटवायचं, असं वर ऐकवलंसुद्धा. काका मान डोलवून स्टुलावर बसले. पोरगा पाटीचा आराखडा करायला लागला, मी फोनवर एका मंडळाच्या कार्यकर्त्याची समजूत घालत होते.

फोन ठेवला तेव्हा काका माझ्या टेबलावरचं प्रूफ वाचत होते. एका ओळीखाली बोट धरून. ते बोट बराच वेळ तिथेच होतं.

"ताई, हे जरा सांगा. 'प्रगत कर्करोग उपचार केंद्र'. म्हणजे ज्यांचा पुढे गेलाय त्यांच्यासाठीच का? सुरुवातीला सापडला असेल तर तिथे नाही घेत?"

इंग्रजीत 'ॲडव्हान्स्ड कॅन्सर केअर' होतं. तिथेही तो घोटाळा होताच, पण इंग्रजीत तो मला दिसला नव्हता, आणि मराठीत मी तो स्वतःच्या हाताने लिहिला होता. 'अत्याधुनिक'चा कंटाळा आला म्हणून 'प्रगत' घेतला, तो आजाराला जाऊन चिकटला. कर्करोगाची प्रगत अवस्था म्हणजे काय, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. दहा मिनिटांपूर्वी ज्या चुकीवर मी या माणसाला शहाणपण शिकवलं होतं, तीच चूक. तिथे पीठ होतं, इथे गाठ.

"नाही काका, सगळ्यांसाठी आहे. उपचार प्रगत आहेत, असं म्हणायचंय. चूक माझी आहे."

"मग ठीक," म्हणाले, पण बोट हललं नाही.

मी लगेच रुग्णालयाच्या मार्केटिंगला फोन लावला. तिकडच्या मुलीचं म्हणणं, ॲडव्हान्स्ड हा शब्द काढता येणार नाही, ब्रँडिंग आहे. मी म्हटलं, काढत नाही, हलवतेय. पण मराठी नाव फायनल झालंय. फायनल झालं असेल, पण दारावर ते वाचून माणूस परत फिरेल. शब्दाची जागा बदलल्याने एवढं काय होतं, हे तिला पटेना. शेवटी मी तिला विचारलं, 'जुन्या साड्यांचं दुकान' आणि 'साड्यांचं जुनं दुकान' यांतल्या कुठल्या दुकानातून तू लग्नाचा बस्ता बांधशील? मग हसली आणि वरिष्ठांना विचारते म्हणाली. अर्ध्या तासाने होकार आला: 'कर्करोगावरील प्रगत उपचारांचे केंद्र'. लांबलं, पण चालेल.

खाली एक वाक्य मी माझ्या जबाबदारीवर घातलं. मूळ मजकुरात यंत्राच्या नावापुढे नुसती विशेषणांची रांग होती. मी लिहिलं, की गाठीच्या आकाराप्रमाणे किरणांचा झोत आखला जातो, त्यामुळे शेजारच्या निरोगी भागाला झळ कमी पोहोचते. आजार कुठल्याही टप्प्यावर असला तरी इथे तपासून घेता येईल, हेही रुग्णालयाला विचारून जोडलं. काकांना वाचून दाखवलं. त्यांनी मला परत एकदा वाचायला लावलं.

मग म्हणाले, "माझ्या पाटीवरचं अत्याधुनिकही काढून टाका. तुम्ही त्या मशिनचं लिहिलंत तसं लिहा. काय करते ते."

"काय करते तुमची?"

"पीठ गरम पडत नाही. आणि उपवासाचं दळण वेगळ्या चक्कीवर. गव्हाचा कण लागत नाही त्याला. बायका तेवढंच विचारतात."

पाटी अशी झाली: 'येथे दळण गार मिळेल. उपवासाचे दळण वेगळ्या चक्कीवर.' पोराने कडेला गव्हाच्या लोंब्या टाकल्या. काकांनी त्या काढायला लावल्या.

पैसे देताना त्यांनी नऊ नंबरच्या पानाची दुरुस्त केलेली प्रत मागितली. मी प्रिंट काढून दिली. पानाचे किती विचारलं, मी फक्त पाटीचे घेतले. त्यांनी कागदाची नीट चौघडी करून वरच्या खिशात ठेवली, चपला घातल्या आणि पायरीवरून मागे वळून म्हणाले, "ताई, पाटीवर फोन नंबर जरा मोठा करा. लांबून दिसला पाहिजे."