तुम्ही विचारलंत म्हणून: हा मासा घाण खातो ना?

घरी कुणीही आलं की काचेच्या टाकीपुढं थांबतं, तळाशी मिशा हलवत हिंडणाऱ्या अंगठ्याएवढ्या माशांकडं बोट करतं आणि विचारतं, "हे घाण खातंय न्हवं?" खानापूरकडचे पाहुणे असले तर आधी म्हणतात, "अरे, ही शिंगटीच की!"

शिंगटी म्हणजे आपल्या नदीतला मिशांचा मासा, तिची लांबची भावकी खरी. पण हे कोरिडोरास दक्षिण अमेरिकेतले. खानापूरकडच्या मलप्रभा नदीचं पाणी यांच्या सात पिढ्यांनी बघितलेलं नाही. अंगावर खवले नाहीत, दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा, चिलखतच. परांचे काटे मात्र शिंगटीसारखेच. जाळीनं धरायला गेलात तर अडकून बसतात, म्हणून मी वाटीनं काढतो.

तर, घाण खात नाहीत. दुकानदारानं मलाही हेच सांगितलं होतं, "वेगळं काय घालू नका, उरलंसुरलं खातात." वरचे गप्पी काही उरवतील तर ना! महिन्याभरात सहाही जणांची पोटं खपाटीला गेली. त्यात मी हौसेनं टोकदार खडी अंथरलेली. तळ उकरून उकरून बिचाऱ्यांच्या मिशांचे खुंट झाले. मिशा म्हणजे त्यांची जीभ आणि बोटं, दोन्ही. खडी काढून बारीक वाळू घातली, दिवा मालवल्यावर तळाशी बुडणाऱ्या गोळ्या टाकायला लागलो, तेव्हा मिशा हळूहळू परत फुटल्या. विष्ठा तर कुठलाच मासा खाऊन संपवत नाही. पाणी बदलायचं काम आपलंच.

मध्येच एखादा सुसाट वर येतो, हवेचा घोट घेऊन परत तळाला. ते आजारपण नव्हे. गिळलेल्या हवेतला प्राणवायू तो आतड्यातून शोषून घेतो. सगळेच सारखे वर पळायला लागले तर मात्र पाणी बिघडलंय समजा.

गेल्या जूनमध्ये पाऊस लागला आणि मी थंडगार पाण्यानं अर्धी टाकी बदलली. त्यांच्या नद्यांतही पावसाचं गार पाणी आलं की विणीचा हंगाम. दुसऱ्या दिवशी मादी पोटाखालच्या परांच्या ओंजळीत दोन-तीन अंडी धरून काच चाचपत होती. जागा पसंत पडली की चिकटवायची, परत खाली. दुपारपर्यंत काचेवर साबुदाण्याएवढे ठिपके. संध्याकाळी बघतो तर निम्मे गायब. आईबापांनीच खाल्ले होते. उरलेले मी ब्लेडनं खरवडून बरणीत ठेवले.