खिंडीपलीकडची उतरण आणि मागचा शॉक

डोंगरधारेने खिंड गाठायची, पलीकडच्या जंगलात मुक्काम करायचा आणि सकाळी ओढ्याच्या बाजूने खाली उतरायचं, असा आमचा बेत होता. आम्ही दोघंच, दोन्ही सायकली फुल सस्पेन्शनच्या, म्हणजे दोन्ही चाकांना धक्के शोषणाऱ्या, आणि दोन्हींना मागे एअर शॉक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा धक्काशोषक. वाट फार सुंदर आहे, ज्याला जमेल त्याने जरूर जावं. पण तिच्यावर मागच्या शॉकचा कस लागतो, आणि अडलं तर मदत मिळेल असं मध्ये काही नाही. त्यामुळे इथे निसर्गवर्णन कमी आणि शॉकबद्दल जास्त आहे.

सुरुवातीचा गाडीरस्ता सोपा आहे. पुढे सुटे दगड लागतात आणि चढ तीव्र होतो. तिथे सोबत्याचं पेडल सारखं दगडांना घासू लागलं आणि पुढचं चाक भरकटायला लागलं. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की मागची बाजू खाली बसली आहे असं समजावं. मागे फार खाली गेलं की क्रँक जमिनीजवळ येतो आणि पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. मागचं सुस्त वाटतं म्हणून त्याने चढतानाच रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत उसळतो ते ठरवणारा, लाल नॉब बराच उघडला होता. त्याचा परिणाम पुढे दिसलाच.

सपाट जागा बघून आम्ही सॅग, म्हणजे नुसत्या बसण्याच्या वजनाने शॉक किती दबतो ते, मोजलं. पाठपिशवी, पाणी, हेल्मेट सगळं अंगावर ठेवून तो सायकलवर हलकेच बसला. मी शाफ्टवरची (शॉकच्या दांड्यावरची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, सीलपर्यंत सरकवली, मग तो हिसका न देता उतरला. त्याच्या शॉकचा स्ट्रोक, म्हणजे पूर्ण दबण्याचं अंतर, ५५ मिमी आहे. सॅग साधारण २५ ते ३० टक्के, म्हणजे १४ ते १६ मिमी हवा. ओ-रिंग २४ मिमीवर होती. चढावर शॉक घट्ट करणारा क्लाइंब स्विच लावलेला असताना सॅग मोजू नका, आकडा खोटा येतो.

शॉक पंपाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पंप लावला की शॉकमधली थोडी हवा नळीत भरते, त्यामुळे काट्यावर दाब नेहमीच खऱ्यापेक्षा कमी दिसतो. काल १८० पीएसआय (दाबाचं एकक) भरले आणि आज १७० दिसतात म्हणजे गळती आहे असं नाही. पंप काढताना होणारा ‘फुस्स’ आवाजही बहुतेक वेळा नळीतल्या हवेचा असतो. म्हणून मी काट्यापेक्षा सॅगवर विश्वास ठेवतो. हवा भरल्यावर शॉक आठदहा वेळा सावकाश दाबावा, म्हणजे पॉझिटिव्ह (शॉक उचलून धरणाऱ्या) आणि निगेटिव्ह (त्याला उलट ओढणाऱ्या) कप्प्यांतला दाब सारखा होतो. मग पुन्हा सॅग बघावा. टायरचा साधा पंप या कामाचा नाही.

दाब भरून आम्ही खिंडीत पोचलो, मुक्कामावर उतरलो, आणि सकाळी शॉक पुन्हा बसलेला. आता गळती नक्की होती. साबणाच्या पाण्याची छोटी बाटली जवळ होती. आधी एअर कॅन (शॉकची हवा भरलेली नळकांडी) आणि शाफ्ट यांच्यामधल्या सीलवर थेंब सोडले, तिथे काही नाही. मग व्हॉल्व्हच्या तोंडावर एक थेंब ठेवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, पाठोपाठ दुसरा. व्हॉल्व्हची आतली पिन किंचित सैल होती. पिन आवळायच्या छोट्या चावीने पाव फेरा दिला आणि बुडबुडे थांबले. पिन हलक्या हातानेच आवळायची. बदलायचीच असेल तर आधी सगळी हवा सोडायची.

बुडबुडे सीलपाशी आले असते तर वाटेत उपाय नव्हता, दर टप्प्यावर हवा भरत घरी यायचं आणि एअर कॅनचे सील बदलायचे. आणि बाहेर कुठेच गळती नाही, तरी शॉक आत ओढला जाऊन तिथेच अडकला, तर हवा आतल्या आत निगेटिव्ह कप्प्यात शिरते आहे. अशा वेळी एअर कॅन उघडायच्या फंदात अजिबात पडू नका. व्हॉल्व्हमधून हवा सोडली तरी आत दाब कोंडलेला असतो, आणि कॅन उडून गंभीर दुखापत होऊ शकते.

पहाटेच्या गारठ्यात भरलेल्या हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. १० अंशांना १८० पीएसआय असलेला शॉक ३० अंशांना जवळपास १९४ दाखवतो. उंचीचा परिणाम त्या मानाने किरकोळ आहे. समुद्रसपाटीपासून ३००० मीटर चढलात तरी फरक ४-५ पीएसआयचाच. म्हणून मुख्य उतरणीला लागण्याआधी, ऊन अंगावर आल्यावर, सॅग एकदा पुन्हा बघा.

उतरणीच्या वरच्या भागात झाडांची मुळं आणि दगडी पायऱ्या आहेत. तिथे सोबत्याची सायकल मागून उसळू लागली, प्रत्येक पायरीनंतर खोगीर पाठीमागून धक्का देई. हवा पूर्ववत झाली होती, पण रिबाउंड उघडाच होता. नॉब घड्याळाच्या दिशेने दोन क्लिक फिरवला आणि उसळी लगेच कमी झाली. नॉबला शॉकने उत्तर दिलं, याचाच अर्थ डॅम्पर, म्हणजे उसळी आवरणारा शॉकमधला तेलाचा भाग, शाबूत होता. मी तपासाची वाटणी अशीच करतो: हवेचा दोष सायकल उभी असताना सापडतो, तेलाचा दोष ती चालताना. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवूनही फरक पडत नसेल, दाबताना सुरुवातीला शॉक रिकामा लागत असेल, शाफ्टवर तेलाचं जाड कडं जमत असेल, तर डॅम्पर गेला. त्यात तेलामागे नायट्रोजनचा दाब असतो, ते काम सर्व्हिस सेंटरचंच. तेल झडपांतून जाताना होणारा हलका चुळचुळ आवाज आणि शाफ्टवरचा तेलाचा पुसट थर मात्र नेहमीचाच.

पुढे माझ्या सायकलमधून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. शॉकचा सॅग बरोबर, नॉब चालतोय, आवाज फक्त चाक हवेतून जमिनीवर टेकताना. शॉकच्या खालच्या डोळ्यावर (टोकाच्या बोल्टच्या भोकावर), बोल्ट आणि फ्रेम यांच्या सांध्यात बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने खोगीर अगदी हलकं उचललं. चाक जमिनीवरून सुटायच्या आधीच बोटाला बारीक हिसका जाणवला, म्हणजे बुश (डोळ्यात बसणारी, बोल्टभोवतीची नळी) झिजलं होतं. असा हिसका डोळ्याऐवजी फ्रेमच्या पिव्हटवर (हलणाऱ्या सांध्यावर) जाणवला तर बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळून बघा. बुशची ढिलाई बोल्ट आवळून जात नाही, जास्त जोर लावलात तर बोल्ट मात्र खराब होतो. ढिलाई थोडी होती म्हणून उड्या टाळत मी उतरलो आणि घरी बुश बदललं. नवं घेताना डोळ्याचा व्यास, बोल्टची जाडी आणि फ्रेमच्या दोन कानांमधलं अंतर व्हर्नियरने मोजून घ्या. तेव्हाच शॉक काढून मागचा त्रिकोण (फ्रेमचा चाक धरणारा हलता भाग) हाताने वरखाली करून बघावा, पिव्हट घरघरतात का, बाजूला हलतात का, हे लगेच कळतं.

निघण्याआधी सर्व्हिसच्या तासांचा हिशेब करा. शॉक बनवणाऱ्या कंपन्यांपैकी रॉकशॉक्स एअर कॅनची सर्व्हिस ५० तासांनी सांगते, फॉक्स पूर्ण सर्व्हिस १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा. सोबत शॉक पंप, व्हॉल्व्हची चावी आणि एक जादा पिन, साबणाचं पाणी, ॲलन की आणि छोटी मोजपट्टी एवढं पुरतं.

ओढा ओलांडल्यावर डावीकडे जंगलातला रुंद रस्ता फुटतो. शॉकची तक्रार असेल तर तिथूनच बाहेर पडा, कारण त्यानंतरच्या अरुंद पायऱ्यांवर माघारी फिरणं कठीण आहे. हवा टिकतच नसेल तर त्या रस्त्यावरही सायकलवर बसू नका. रिकामा शॉक प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटतो, टायर फ्रेमला लागू शकतो, आणि शंभर पीएसआयच्या गळतीपायी फ्रेमला तडा जायचा. सायकल ढकलत नेली तरी संध्याकाळच्या आत डांबरी रस्ता गाठता येतो.