केबलच्या छत्रीपासून हायड्रोजनपर्यंत : आमची वाटचाल

नव्वदच्या दशकात सोलापुरात अशोक चौकाजवळ आमची केबलची कंट्रोल रूम होती. गच्चीवर आठ फुटी जाळीच्या छत्र्या, खाली यंत्रमागांचा खडखडाट. पुढे डीटीएच आलं, गिऱ्हाईक फुटलं, मग आम्हीच घरोघरी डिश बसवू लागलो. आता टीव्ही इंटरनेटवरून येतो आणि उतरवलेल्या डिश किलोवर भंगारात जातात. त्या आम्ही घेतो, आणि कॉलेजांना व हौशी मंडळींना नव्या कामासाठी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकण्यासाठी, तयार करून देतो.

डिश म्हणजे नुसता आरसा. पोचे नसले की झालं. खरी कारागिरी फीडमध्ये, म्हणजे डिशने गोळा केलेल्या लहरी टिपणाऱ्या तोंडात. एलएनबीचं (डिशपुढे दांड्यावर बसवलेल्या डबीचं) टोपण आपल्याकडच्या उन्हात तडकतं आणि कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. ते खरवडून काढलं की नळीत काटकोनात बसवलेल्या दोन बारीक तारा दिसतात. एक उभ्या ध्रुवणाची (उभ्या डोलणाऱ्या लहरींची), एक आडव्या. कुठली चालू करायची, ते सेट-टॉप बॉक्स त्याच केबलमधून 13 किंवा 18 व्होल्ट पाठवून ठरवतो.

ही नळी 11-12 गिगाहर्ट्झसाठी घडवलेली. आकाशगंगेतला हायड्रोजन बोलतो 1420 मेगाहर्ट्झवर. 21 सेंटीमीटरची ती लहर एवढ्याशा नळीत शिरतच नाही. तिच्यासाठी आम्ही साधारण 15 सेंटीमीटर व्यासाचा पत्र्याचा गोल डबा घेतो, आत तांब्याची तार बसवतो आणि अ‍ॅम्प्लिफायर डब्यालाच चिकटवतो. इथे जुन्या जाळीच्या छत्र्यांचं सोनं होतं, कारण या लहरीला बारीक जाळी म्हणजे सलग पत्राच. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतल्या 45 मीटरच्या 30 डिशसुद्धा जाळीच्याच आहेत.

घोडं अडतं ते फीड आणि डिश जुळवताना. फीडचा झोत, म्हणजे त्याच्या नजरेचा पट्टा, डिशच्या काठाबाहेर गेला की त्याला पलीकडची जमीन दिसते, आणि सोलापूरची जमीन मे महिन्यात किती तापते ते सांगायला नको! तो सगळा गोंगाट रिसीव्हरमध्ये येतो. झोत फार अरुंद ठेवला तर काठाचा पत्रा फुकट. काठाशी तो मध्यापेक्षा सुमारे 10 डेसिबल उतरलेला, म्हणजे दहाव्या हिश्श्यावर, असावा. जाळीची छत्री खोलगट, डीटीएचची उथळ. त्यामुळे एकीचा फीड दुसरीला धड चालत नाही.

छोट्या डिशनाही काम मिळालं. 2018 मध्ये सोडलेल्या एस्हेल-2 या उपग्रहावर हॅम मंडळींसाठी (हौशी रेडिओवाल्यांसाठी) ट्रान्सपाँडर, म्हणजे संदेश झेलून परत खाली पाठवणारा संच, आहे. तो 10.49 गिगाहर्ट्झच्या आसपास ऐकू येतो, म्हणजे एलएनबी मूळचाच चालतो. इथून तो पश्चिमेला, क्षितिजापासून जेमतेम 30 अंश वर. त्या बाजूला अपार्टमेंट उभं असेल तर आम्ही ऑर्डर घेत नाही.

जाळीची छत्री पडून असेल तर टेम्पो करून आणू नका. व्यास आणि मधली खोली मोजून कळवा. व्यासाच्या वर्गाला खोलीच्या सोळापटीने भागलं की फीड किती अंतरावर बसेल ते निघतं: 240 सेंटीमीटर व्यास, 40 खोली, तर 90 सेंटीमीटर. दांडे आम्ही त्या मापाने कापून ठेवतो.