उंदराने खाल्लेलं सप्तक

श्रावण लागला की पेणमध्ये गल्लोगल्ली गणपती रंगत असतात आणि माझ्या दुरुस्तीच्या दुकानात बेंजोवाल्यांची, म्हणजे मिरवणुकीत वाजवणाऱ्या ग्रुपांची, रांग लागते. ॲम्प्लिफायर, कॉर्डलेस माईक, ऑक्टोपॅड, बेंजोचे पिकअप, काय वाट्टेल ते येतं. वर्षभर माळ्यावर पडलेलं सामान सीझनच्या तोंडावर खाली काढायचं, प्लग लावायचा, आणि चालू झालं नाही की माझ्याकडे धावायचं, ही रायगडातल्या तमाम ग्रुपांची पद्धत. त्या दिवसांत 'परवा बघू' हे वाक्य मी दुकानात उच्चारत नाही. भांडणं होतात.

अशाच गर्दीत एक पोरगा चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड घेऊन आला. ६१ पट्ट्यांचा, जपानी कंपनीचा, १२ व्होल्टवर चालणारा. तक्रार मात्र त्याने छान सांगितली, वाजवणाऱ्याच्या भाषेत. "काका, चालू होतोय, डिस्प्ले येतोय. पण वरची काळी चार, म्हणजे त्या सप्तकातली चौथी काळी पट्टी, किंचाळते. मधलं सप्तक पूर्ण मुकं. आणि बाकीच्यांत मध्येमध्ये एकेक सूर गायब." ऑक्टोपॅडचा स्टँड पडून वरच्या सप्तकातली 'पांढरी दोन', म्हणजे दुसरी पांढरी पट्टी, हीसुद्धा तुटली होती, ती त्याने फेविक्विकने चिकटवून आणली होती. आधी दुसऱ्या एकाला दाखवलं होतं. त्याने "बोर्ड गेला, नवा घे" म्हणून सांगितलं. नवा दहा-पंधरा हजारांच्या घरात, आणि ग्रुपचे पैसे हातात येणार विसर्जनानंतर.

'बोर्ड गेला' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोयीचं निदान. ते करायला स्क्रूही खोलावा लागत नाही.

मी कीबोर्ड उघडायच्या आधी डावीकडून एकेक पट्टी दाबत गेलो आणि मुक्या पट्ट्यांवर खडूने खूण केली. मधलं सप्तक सोडून उरलेल्या खुणा पाहिल्या, तर बरोबर दर सहा सुरांनी एक. इथेच अर्धं काम झालं. ६१ पट्ट्यांना ६१ स्वतंत्र तारा नसतात. आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि प्रोसेसर ती सारखी चाळत असतो. धूळ किंवा खराब रबर असेल तर सूर कुठेही, कसेही जातात. ठरावीक अंतराने जात असतील तर जाळीतली एक रेष तुटलेली असते. सगळेच गेले तर मग बोर्डाचा किंवा सप्लायचा विचार करायचा. इथे आवाज येत होता, डिस्प्ले येत होता, म्हणजे बोर्ड ठणठणीत होता.

मग उघडला. असे कीबोर्ड उघडताना मी पुठ्ठ्यावर खोक्याचा आकार काढतो आणि जिथला स्क्रू तिथे टोचून ठेवतो. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की वरच्या पॅनेलमधून बाहेर डोकावतो. आत गेल्या वर्षीच्या विसर्जनाचा गुलाल होता. पट्ट्यांच्या सांध्यांना कंपनी जे ग्रीस लावते त्यात कालवून त्याची गुलाबी चिकी झाली होती. तो ओल्या कापसाने पुसायला जाऊ नये, जास्त पसरतो. आधी कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने निघेल तेवढा काढायचा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल.

पट्ट्या काढल्यावर मधल्या सप्तकाचं कोडं सुटलं. खालची रबराची पट्टी उंदराने खाल्ली होती. कडा नीट कुरतडलेल्या, बाजूला लेंड्या, आणि जाताजाता रिबन केबलच्या, म्हणजे शेजारीशेजारी चिकटवलेल्या तारांच्या चपट्या केबलच्या, कडेच्या तारेलाही दात लावलेले. ती जाळीतली तुटलेली रेष हीच. पोराला दाखवलं तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, "बाप्पाचंच वाहन ना काका, काय बोलणार!"

हे रबर म्हणजे काय, ते सांगतो, कारण सगळी धावपळ त्याच्यासाठीच झाली. प्रत्येक पट्टीखाली रबराची एक छोटी घुमटी असते आणि तिच्या पोटात कार्बनचे दोन काळे ठिपके. पट्टी दाबली की पहिला ठिपका खालच्या बोर्डावर आधी टेकतो, दुसरा किंचित नंतर. या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला यावरून मशीनला कळतं की तुम्ही हळू वाजवलं की जोरात. कमी वेळ म्हणजे मोठा आवाज. पहिल्या ठिपक्यावर घाण बसली की हा हिशेब बिघडतो आणि बऱ्याच कीबोर्डांवर तो सूर हलक्या हातालाही पूर्ण ताकदीने ओरडतो. काळी चार किंचाळत होती ती गुलालामुळे. कापसाच्या काडीने ठिपके आणि बोर्डावरचे काळे ट्रॅक अल्कोहोलने पुसल्यावर ती शांत झाली. तिथे पॉलिश पेपर मारणारे महाभाग असतात. कार्बनचा थर एकदा खरवडला की परत येत नाही.

पण खाल्लेलं रबर पुसून काय होणार? आता हवी होती बारा सुरांची एक रबरपट्टी आणि तुटलेली पांढरी दोन.

ती एक पांढरी पट्टी म्हणजे वेगळंच दुखणं. पट्ट्या सुट्या नसतात. अशा कीबोर्डांत त्या एकत्र ओतलेल्या फण्या असतात. पांढरी एकला सा धरला तर सा, ग, प, नी एका फणीत, रे, म, ध दुसऱ्या फणीत, काळ्या तिसरीत, आणि या फण्या एकात एक अडकून सप्तक बनतं. म्हणजे एक रे तुटला तरी म आणि ध सोबत घ्यायचेच.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. उत्तर असं की सुटं रबर देत नाही, पूर्ण की-बेड, म्हणजे पट्ट्यांचा सगळा सांगाडा, मागवावा लागेल, तोही किती दिवसांत येईल सांगता येत नाही, आणि आधी कीबोर्ड त्यांच्याकडे जमा करा. ग्रुपची पहिली सुपारी आठवड्यावर आलेली. फोन ठेवला.

त्या रात्री सर्व्हिस मॅन्युअल उघडून बसलो. लोक त्यात सर्किट बघतात. मला विचाराल तर त्यातली कामाची पानं शेवटची असतात. यंत्र मोडून हवेत मांडल्यासारखं चित्र आणि त्याखाली प्रत्येक भागाचा नंबर. कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी नवं मॉडेल काढतात, आवाज वाढवतात, पॅनेलचा रंग बदलतात, पण पट्ट्यांचा खालचा सांगाडा वर्षानुवर्षं तोच ठेवतात. साचे महाग असतात, ते कोण बदलतो! मी त्याच कंपनीच्या इतर मॉडेलांची मॅन्युअलं काढून रबराचा नंबर ताडून पाहिला आणि तोच नंबर आणखी काही मॉडेलांत सापडला. ही नावं चिठ्ठीवर लिहिली. आता एकाच्या जागी अर्धा डझन कीबोर्डांतला कुठलाही मेलेला चालणार होता.

सकाळच्या एसटीने पनवेल, तिथून हार्बरची लोकल, मग कुर्ल्याला आणि दादरला गाडी बदलत मुंबईचं ग्रँट रोड स्टेशन. पूर्वेला बाहेर पडलं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण तिथे जाऊन ते नाव घेणारा ग्राहक मी अजून पाहिलेला नाही. रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी, कनेक्टर, हव्या त्या व्होल्टचा सप्लाय, सगळं एका रस्त्यावर. पोत्याने माल विकणारा आणि एक डायोड पुडीत बांधून देणारा शेजारीशेजारी. फक्त रविवारी जाऊ नये.

मी दुकानात शिरून कंपनी आणि मॉडेल सांगायचो आणि समोरचा मान वर न करता "नाही" म्हणायचा. बऱ्याच दुकानांत हेच झालं. मग एका जिन्याखालच्या टपरीवजा दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी मला मध्येच तोडलं. "मॉडेल छोडो. माल दिखाओ."

मी खाल्लेलं रबर त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, रबर उलटं केलं आणि खालच्या खुंट्यांवरून अंगठा फिरवला. मग पट्टी टेबलाच्या कडेला लावून वीत टाकली. एकेक घुमटी बोटाने दाबून ठिपके पाहिले. मला वाटलं होतं नंबर वाचतील. नंबराकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. माळ्यावरून एक मोठी पिशवी खाली काढली, त्यात अशा रबरांचा ढीग. दोन मिनिटांत हुबेहूब तसं एक माझ्यासमोर टाकलं. लांबी तीच, खुंट्या त्याच जागी. माझा हात खिशाकडे गेला, तेवढ्यात त्यांनीच ते परत ओढलं आणि घुमटी उलटी करून दाखवली. आत एकच ठिपका. हलकं-जोरात न ओळखणाऱ्या स्वस्त मॉडेलचं रबर. बसलं असतं अगदी चपखल, नीट वाजलं मात्र नसतं. गिऱ्हाइकाच्या हाती तेवढ्यावर माल देऊन मोकळे होणारे मी पुष्कळ पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

दोन ठिपक्यांचं त्यांच्याकडे नव्हतं. पण चिठ्ठीवरची मॉडेलं वाचून त्यांनी मागच्या गल्लीत भंगाराचं काम करणाऱ्या एकाकडे दुकानातल्या पोराला पिटाळलं. तो आला तो एक अख्खा कीबोर्ड काखोटीला मारून. चिठ्ठीवरच्या यादीतलाच. पट्ट्या पिवळट पडलेल्या, स्पीकरची जाळी दबलेली, पण दाबून पाहिलं तर पट्ट्या सगळ्या जिवंत वाटत होत्या. हा का मेला असेल, म्हणून मी तिथेच खालचं झाकण सैल करून टॉर्च मारला. अडॅप्टरच्या जॅकशेजारी जळालेला काळा डाग.

हा मृत्यू मी ओळखतो. गोल पिनचे अडॅप्टर दिसायला सारखे असतात आणि लोक हाताला लागेल तो लावतात. यामाहाच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरला मधली बाजू पॉझिटिव्ह. कॅसिओच्या जुन्या ९ व्होल्टच्या एडी-५ अडॅप्टरला मधली बाजू निगेटिव्ह. त्याच कॅसिओच्या पुढच्या साडेनऊ व्होल्टच्या अडॅप्टरला पुन्हा पॉझिटिव्ह. पाठीवर गोलाचं छोटं चित्र असतं, ते कोणी बघत नाही. उलटा लागला आणि मध्ये संरक्षणाचा डायोड नसला की सप्लायचा भाग जातो, नशीब फुटकं असेल तर मेन बोर्डही. पट्ट्यांना मात्र धक्काही लागत नाही. म्हणजे मला हवं ते सगळं शाबूत होतं.

घासाघीस करून सहाशे रुपयांत सौदा झाला. चाचांनी त्यांचं काही घेतलं नाही, फक्त चहा पाजायला लावला.

परत येताना लोकलमध्ये दाराशी तो कीबोर्ड उभा धरून आलो. दोघांनी विचारलं, "कार्यक्रम कुठे आहे?"

दुकानात बसवणं त्यामानाने सरळ गेलं. रबराच्या खुंट्या बोर्डाच्या भोकांत बोथट काडीने एकेक करून पक्क्या खेचायच्या, एकही अर्धवट राहिली तर तो सूर अडकतो. ठिपक्यांना बोट लावायचं नाही, हाताचं तेल बसतं. मेलेल्या कीबोर्डातली रे-म-ध ची फणी जशीच्या तशी बसली, फक्त बाकीच्यांपेक्षा पिवळी. रिबन केबल त्यातली आखूड पडली. मग माझ्याकडे जुन्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कच्या चाळीस तारांच्या पट्टीकेबली पडलेल्या असतात, त्यातल्या हव्या तेवढ्या तारा फाडून घेतल्या आणि दोन्ही टोकं थेट सोल्डर केली. मल्टिमीटर बझरवर ठेवून प्रत्येक तार तपासली, शेजारच्या तारेशी चिकटलेली नाही ना तेही पाहिलं. स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात बसल्याचा टक असा आवाज आला की मग घट्ट करायचा. नाहीतर प्लॅस्टिकमध्ये नवा आटा पडतो आणि दोन खोलण्यांत भोक कामातून जातं.

पोरगा संध्याकाळी आला. आधी नुसते सूर, मग हलक्या हाताने, मग जोरात. मधल्या सप्तकावर तो बराच वेळ घुटमळला. मग म्हणाला, "काका, इथलं रबर थोडं कडक लागतंय." खरं होतं ते. घरात पडून राहिलेल्या कीबोर्डाचं रबर टेम्पोवर कुटलेल्या रबरापेक्षा ताठच असणार. पिवळ्या पट्ट्यांबद्दल तो काही बोलला नाही, त्याच्याबरोबर आलेला ढोलकीवाला बोलला. "फक्त तीनच का पिवळ्या? देवाच्या नावाने सगळ्याच करून द्या की!"

मजुरी आणि सामान धरून अठराशे सांगितले. हजार दिले, बाकीचे विसर्जनानंतर. ते मिळतात, हा माझा अनुभव आहे. बेंजोवाले बुडवत नाहीत, फक्त विसर्जन नक्की कुठलं ते आधी ठरवून घ्यावं लागतं.

त्या भंगारातल्या कीबोर्डाचे बाकीचे अवयव माझ्याकडे आहेत. दोन ठिपक्यांची बारा सुरांची रबरं तीन, शेवटच्या सा सकट तेराचं एक, काळ्यांच्या फण्या सगळ्या, दोन्ही स्पीकर. डिस्प्ले चालतो की नाही ते अजून पाहिलेलं नाही. रे-म-ध ची एक फणी परवा अलिबागचा एक भजनी मंडळवाला घेऊन गेला. आधी नमुन्याला त्याची पट्टी पाठवायला सांगितली होती त्याला, त्याने मोबाईलवर फोटो पाठवला. मी म्हटलं, फोटो नको, माल आणा.