देवनागरी टॅटू: सुई लागण्याआधी

ठाण्यात टॅटू काढायचा तर आधी महिना ठरवा. जखमेची वरची त्वचा भरायला २ ते ४ आठवडे लागतात. तेवढे दिवस पोहणं बंद, ऊन टाळायचं. मे महिन्याचा घाम आणि लोकलमधली घासाघीस ताज्या टॅटूला सोसत नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारी उत्तम.

आईचं नाव किंवा ओवीची ओळ हवी असेल तर अक्षर मोठं घ्या. शाई त्वचेत १ ते २ मिलिमीटर खोल बसते आणि वर्षांगणिक थोडी पसरते. इंग्रजी अक्षरांपेक्षा आपली जोडाक्षरं लवकर बुजतात: ‘श्र’ची गाठ भरते, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. नक्षी खऱ्या मापात छापून हातभर अंतरावरून वाचा. स्टेन्सिल (सुईआधी त्वचेवर उमटवायचा नक्षीचा ठसा) लावल्यावर ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्याकडून तपासून घ्याच. कलाकाराला मराठी येत असेलच असं नाही.

सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. शाई लहान कपात काढलेली, उरलेली फेकायची. हे विचारायला संकोच नको, हिपॅटायटिसचा प्रश्न आहे. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. सैन्यात किंवा पोलिसांत जायचं असेल तर भरतीचे नियम आधी वाचा.