वाढताना काही बोलायचं नाही

रविवार, रात्री साडेअकरा

‘माय लाइफ इन फ्रान्स’ आज संपलं. शेवटची पानं पुरवून पुरवून वाचत होते. अमेरिकेत फ्रेंच स्वयंपाक लोकप्रिय करणाऱ्या ज्युलिया चाइल्डनं हे आत्मचरित्र आयुष्याच्या अगदी शेवटच्या महिन्यांत, नवऱ्याच्या जुळ्या भावाच्या नातवाजवळ बसून सांगितलं. १३ ऑगस्ट २००४ला ती गेली, ९२वा वाढदिवस दोन दिवसांवर आला असताना. पुस्तक आलं २००६मध्ये. तिला ते हातात घेता आलं नाही, याचं मला मघापासून वाईट वाटतंय.

१९४८मध्ये नवऱ्याच्या, पॉलच्या नोकरीपायी ती फ्रान्सला गेली, तेव्हा तिला धड स्वयंपाक येत नव्हता. पॅरिसच्या कॉर्दों ब्ल्यू या पाकशाळेत शिकायला लागली तेव्हा ३७ वर्षांची होती. वर्गात बाकी सगळे सैन्यातून सुटलेले अमेरिकन पुरुष. तिथले म्हातारे शेफ बुन्यार अंडी कशी करायची ते दाखवतात, ते पान मी तीनदा वाचलं. मंद आच, लोणी, फेटलेली अंडी, आणि मग बराच वेळ काहीच घडत नाही. नुसतं बघत उभं राहायचं. कडेनं दाटायला लागली की मग भराभर हलवायचं, भांडं आचेवर घ्यायचं, काढायचं, पुन्हा घ्यायचं. मी आजवर भुर्जी मोठ्या आचेवरच केली. उद्या सकाळी तशी करून बघणार आहे.

पण मनातून जात नाही ती दुसरीच गोष्ट. एकदा एक मैत्रीण तिच्याकडे जेवायला आली. ज्युलियानं पीठ न मोजता अंदाजानं घातलं, सॉसचा गिचका झाला. पालक मिळाला नाही म्हणून चिकोरीचा पाला घातला, तोही वाईट लागला. दोघी मुकाट्यानं जेवल्या. आणि तिनं माफी मागितली नाही. वाढणाऱ्यानं कारणं सांगत बसू नये, असं तिचं ठाम मत. समोरचा बिचारा मग ‘नाही हो, छान झालंय’ म्हणण्यात अडकतो.

इथे पुस्तक मिटून मी आईचा विचार करत बसले. आईनं चाळीस वर्षं आमटी वाढताना ‘आज काही जमली नाही गं’ म्हटलंय. आणि आम्ही दरवेळी ‘नाही गं, मस्त झालीये’ म्हटलं. म्हणजे तिच्या आमटीचं आम्ही जेवढं कौतुक केलं, ते सगळं तिच्या त्या वाक्याला दिलेलं उत्तर होतं. आपणहून कधी केलं का? मला एकही दिवस आठवत नाही. त्या चिंचगुळाच्या आमटीला, गोडा मसाला घातल्यावर घरभर सुटणाऱ्या वासाला, कुणी काही म्हटलंच नाही.

आणि मीही तशीच झालेय. आज दुपारी नणंद जेवायला होती. भरल्या वांग्यांचा मसाला तळाला लागला होता, किंचित करपट वास येत होता. ‘जरा लागलीयेत हं’ अगदी ओठांवर आलं. आवंढा गिळला आणि भाकरी वाढली. ती सावकाश जेवली, पोराच्या शाळेचं बोलत होती. मग हात पुढे करून तिनं आणखी एक वांगं घेतलं, आणि देठ धरून चोखलं.

पुढच्या रविवारी आईकडे जेवायला जायचंय. आमटीचा पहिला भुरका मारला की तिनं तोंड उघडायच्या आत मला बोलायला हवं.